सजीव कलाकृती आणि न मोहरण्याचा अधिकार

सजीव, मानवी देहातील विद्युत्-संकेत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या संयोगातून घडणाऱ्या कलेला ‘संवादी’ म्हटले जाते. ही संज्ञा कितपत सार्थ आहे? क्रिस्टा सोमरर व लोराँ मिन्योनो यांच्या १९९२ मधील कलाकृतीत प्रेक्षक कुंडीतील खऱ्या रोपाजवळ हात नेतो. त्यामुळे विद्युत्-विभवात पडणारा फरक संगणक टिपतो आणि पडद्यावर आभासी वनस्पती वाढू लागते. रोपाला स्पर्श झाला, एवढे खरे. रोपाने उत्तर दिले, हे मात्र आपण म्हणतो.

सजीवाला मानवी हाताने नवे रूप देण्याची आपल्याकडील जुनी कृती म्हणजे कलम. (लेखणीलाही आपण कलमच म्हणतो.) रत्नागिरीजवळच्या पावस परिसरातील हापूस हा असाच, एकाच्या मुळावर दुसऱ्याची काडी बांधून घडवलेला जीव. पण प्रतिसादाला तो बांधील नसतो. एका वर्षी भरघोस मोहरलेले झाड पुढच्या वर्षी बहुधा नुसत्या पालवीवर राहते. ‘यंदा कलमे मोहरली नाहीत’ या वाक्यात कर्तेपण झाडाकडे आहे. पुढे पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांचे ‘कल्टार’, आले. मुळाशी घातलेले हे द्रव्य झाडाची वाढ आवरते आणि मोहर लवकर व दरवर्षी यावा अशी तजवीज करते. बागायतदाराला संसार चालवायचा असतो. त्याला दोष देणे ही प्राध्यापकी सोय होय. तरीही झाडाचा नकार तेथे क्षीण होतो, हे नाकारता येत नाही.

कलेच्या प्रांतात कृत्रिम बुद्धिमत्ता हेच कार्य करते. ॲल्विन ल्युसिए यांनी १९६५ मध्ये स्वतःच्या मेंदूतील अल्फा लहरींनी तालवाद्ये निनादवली. डोळे मिटून चित्त निवले तरच त्या लहरी उमटतात, प्रयत्न करताच विरतात. म्हणजे शांतता हीदेखील त्या रचनेतील एक शक्यता होती. प्रशिक्षित प्रारूप मात्र निव्वळ गोंगाटातूनही आकृती काढते. इझरप्रणीत रिक्त जागा वाचकासाठी असतात. येथे यंत्र त्या आधीच बुजवते. पावसलाच स्वामी स्वरूपानंदांच्या (१९०३–१९७४) सोऽहं-साधनेत श्वासाला केंद्रस्थान होते, पण त्या श्वासाचा आलेख कोणाला दाखवायचा नव्हता.

तेव्हा अशा कलाकृतीच्या समीक्षकाने पडद्यावरील सौंदर्याआधी यंत्रणेची रचना तपासावी: रोपाकडून काहीच न आल्यास पडदा कोरा राहील अशी तरतूद तीत आहे काय? आणि नसेल, तर पडद्यावर वाढते आहे ते कोणाचे?