वहिनीचा परिच्छेद

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आमच्या वाचनगटाने या महिन्यासाठी घेतली. गट व्हॉट्सॲपवरचा. निम्मी माणसं पाथरी, मानवत, सेलूची. उरलेली पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेलेली. २००४ साली साहित्य अकादमी मिळालेल्या या कादंबरीतला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत म्हणून शेतीत राबतो. बायको अलका कंटाळून माहेरी जाते. गटावरच्या पुरुषांनी अलकाला चांगलंच धारेवर धरलं. मी तिच्या बाजूने लांबलचक लिहिलं आणि त्यात एक परिच्छेद आमच्या वहिनीवर आला. पाठवण्याआधी तो मामांना दाखवला. मामा मराठीचे निवृत्त शिक्षक. वर्ग सुटला तरी तपासणं सुटलेलं नाही.

“परिच्छेद चांगला आहे,” मामा म्हणाले. “म्हणूनच पाठवू नको.”

“नाव कुठं घेतलंय मी तिचं?”

“नाव कशाला लागतंय, माय? परभणीची पोरगी, बीएड झालेला नवरा, कापसाचं रान, कोपऱ्यात बंद पडलेली शिलाई मशीन. एवढ्यावरून स्टँडवरचा चहावालाही तुझ्या भावाचं घर दाखवील.”

“देशमुखांनीही कुणाची तरी घरं पाहूनच लिहिलं असेल ना?”

“असेल. पण कादंबरीत दहा घरांची भांडी एका फडताळात लागतात. कुणी येऊन म्हणालं, हे माझं भांडं, तर लेखक म्हणू शकतो, नाही बुवा. तुला ती सोय नाही. तू सांगतेस हे खरंच घडलंय, आणि वर तुझं नाव, तुझा नंबर.”

“खरं आहे म्हणून तर लिहायचं! एरवी गटावर काय येतं? ‘अप्रतिम’, ‘वास्तवदर्शी’ आणि जोडलेले हात. बाया तर लिहीतच नाहीत. मला वेगळा मेसेज करतात, ताई, अलका कळली मला, पण इथं कसं लिहू, दीर आहेत गटात. आपल्या परभणीत बी. रघुनाथांनी निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत कादंबऱ्या लिहिल्या. एकीचं नावच ‘जगाला कळले पाहिजे’. आम्ही एवढंही बोलू नये?”

“जगाला कळू दे की. पण वहिनीच्या आधी जगाला कशाला?”

“मग विचारते तिला.”

“विचार. ती हो म्हणेल. नणंदेला नाही म्हणायची सोय आपल्याकडं कुठल्या वहिनीला आहे? तिचा होकार घेऊन तू मोकळी होशील.”

इथं मी अडले. परवानगी घेतली की प्रश्न मिटला, असं मी धरून चालले होते.

मामांनी वाचनालयातून आणलेली प्रत पुढं केली. एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, कुणीतरी लिहिलं होतं, ‘असंच असतं.’ त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या हातानं, ‘नसतं.’ (वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे मामांनी आधी सांगून घेतलं.)

“बघ. दोघांचं भांडण झालं, आणि कुणाचं घर चव्हाट्यावर आलं नाही.”

“म्हणून तर ते तिथंच थांबलं, मामा. त्या निळ्या शाईवाल्याला मला विचारायचंय, कुणाच्या घरी नसतं? नाव नसलं की त्याला उत्तरही द्यावं लागत नाही.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते पुस्तकातूनच विचार ना. अलका आपल्याला जास्त करून कुणाच्या नजरेनं दिसते? एकनाथच्या. पानं काढून दाखव. बघ कसं भांडण जुंपतं ते.”

मुद्दा बिनतोड होता, तरी मला पुरला नाही. ज्यांनी मला वेगळे मेसेज केले त्यांना समीक्षा नको होती. ‘माझ्या घरात असं आहे’ हे कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते मी वहिनीच्या जिवावर म्हणत होते.

“मग माझ्याच संसाराबद्दल लिहिते,” मी म्हटलं.

“तिथं जावईबापू आहेत,” मामा हसले.

आहेत खरे. पण त्यांना मला नाही म्हणता येतं, आणि ते म्हणतातही. वहिनीचा परिच्छेद काढून मी त्या जागी स्वतःवर चार ओळी लिहिल्या आणि ह्यांना वाचायला दिल्या. त्यांनी एक ओळ खोडली, दुसरीवर वाद घातला आणि ती राहू दिली. त्याबरोबर एकनाथच्या नजरेचा मुद्दाही पानांचे आकडे देऊन घातला. वहिनीला फक्त कादंबरी दिली. माझा मजकूर दाखवला नाही. रविवारी तो गटावर गेला. मूळ परिच्छेदापुढं तो फिका आहे, हे मामांनाही मान्य आहे.