थोर कोण : बाभूळ की जिवाणू?

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठाने जाताना शेतांच्या बांधांवर बाभळी उभ्या दिसतात. शेळ्यांना शेंगा, औताला लाकूड, वाटसरूला सावली हे तिचे देणे सर्वांना ठाऊक आहे. तिच्या मुळांवरील बारीक गाठींत राहणारा रायझोबियम गटातील जिवाणू मात्र कोणाच्या गणतीत नसतो. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांएवढी त्याची लांबी! या दोघांत थोर कोण, असे विचारल्यास आपण बहुधा बाभळीकडेच बोट दाखवू.

परंतु हवेत 78 टक्के नायट्रोजन असूनही बाभळीला तो थेट घेता येत नाही. जिवाणू तो तिच्या उपयोगाचा करून देतो. जिवाणूही स्वयंपूर्ण नव्हे. त्याला लागणारी साखर बाभळीच्या पानांत तयार होते. 1888 साली डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी असा जिवाणू गाठींतून वेगळा काढला. मोठा पोसतो आणि लहान पोसला जातो, ही आपली समजूत येथे टिकत नाही. शेतमालकाने सालगड्याकडे पाहताना एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.

तथापि येथेच थांबून निसर्गाला गुरू करणे आम्हांस धोक्याचे वाटते. आपल्याकडे शेतोशेती पेरले जाणारे सोयाबीन हेही याच शेंगवर्गीय कुळातले. टोबी किअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर केलेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गाठींभोवती नायट्रोजनऐवजी दुसरा वायू ठेवला, त्यामुळे जिवाणूंना आपले काम करणेच अशक्य झाले. तेव्हा रोपाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि जिवाणूंची वाढ खुंटली. ते जिवाणू आळशी नव्हते, हतबल होते. न देणारा आणि देऊ न शकणारा, हा भेद रोपाला कळला नाही.

माणसाला तो कळतो. अंथरुणाला खिळलेली आजी, जन्मतः अपंग बालक, ऊसतोडीवरून जायबंदी होऊन परतलेला मजूर यांचे मोल आपण कशावर ठरविणार? लहानही उपयोगी असतो म्हणून त्याला मान देणे, ही पहिली पायरी होय. ती बाभळीपासून शिकता येईल. उपयोग सरल्यावरही तो मान न ढळू देणे, ही दुसरी. ती कोणत्याही झाडाने चढलेली नाही. ती आपल्यालाच चढावयाची आहे, आणि तिचा आरंभ आपल्या घरातील त्या अंथरुणापाशी होतो.