चहाचा पेला आणि पाप

ज्या कृत्याने कुणाचेच वाईट होत नाही, ते केवळ रूढीला रुचत नाही म्हणून पाप ठरते काय?

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. वृत्तपत्रात नावे झळकली, गाव पेटले आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्यापायी!

वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मग मी महाडची गोष्ट सांगतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याने कुणाचे काय गेले? तरी तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. तहानलेल्याला पाणी नाकारणे मात्र रूढीला कधी पाप वाटले नव्हते. मुले आता हसत नाहीत.

किळस अगदीच निरुपयोगी असते असे नाही. नासके अन्न ती आपल्याला टाकायला लावते. पण माणसांविषयी निकाल देण्याचा अधिकार तिला कुणी दिला?

वाचकहो, या दिवाळीत कुणापुढे फराळाचे ताट ठेवताना हात आखडलाच, तर मनाला एवढेच विचारावे : ठेवल्याने कोण दुखावेल, आणि न ठेवल्याने कोण?