दुरुस्तीचें ऋण

जी वस्तु कामास येईनाशी झाली ती टाकावी कीं दुरुस्त करावी, हा प्रश्न वरकरणीं केवळ हिशेबाचा दिसतो. दुरुस्तीचा खर्च एका पारड्यांत घालावा, नव्या वस्तूची किंमत दुसऱ्यांत घालावी, आणि जें पारडें हलकें भरेल त्याप्रमाणें वागावें. यांत नीतीचा संबंध तो कोठें येतो, असें कोणीहि व्यवहारी मनुष्य विचारील. आम्हीहि कालपरवांपर्यंत असेंच विचारीत होतों. परंतु गेल्या वर्षीं एका जुन्या शिवणयंत्राच्या पायीं आम्हांस दोन वेळां आंबा घाट चढावा व उतरावा लागला, आणि त्या प्रवासांत या हिशेबाविषयीं ज्या शंका मनांत उत्पन्न झाल्या, त्या वाचकांपुढें मांडाव्या अशी इच्छा आहे.

हें यंत्र आमच्या मातोश्रींचें. १९६१ सालीं मुंबईचें बिऱ्हाड मोडून गांवीं परतणाऱ्या एका कुटुंबाकडून त्यांनीं तें विकत घेतलें. म्हणजे आमच्या घरीं आलें तेव्हांच तें जुनें होतें. सिंगर कंपनीच्या ‘१५ के’ या जातीचें तें यंत्र. त्यांतील ‘के’ हें अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याचें निदर्शक आहे. १८८५ च्या सुमारास चालूं झालेला तो अवाढव्य कारखाना १९८० सालीं बंद पडला. त्यानें घडविलेलें हें यंत्र मात्र देवरुखानजीकच्या आमच्या गांवीं झबलीं, परकर व पोलकीं शिवीत राहिलें. मातोश्री निवर्तल्यावर दोन वर्षें तें झांकून ठेवलेलें होतें. मग एके दिवशीं आम्ही चाक फिरवूं गेलों, तों तें जागचें हालेना. आमचे कनिष्ठ बंधु म्हणाले, “दादा, भंगारवाल्याला देऊन टाकूं. दुरुस्तीला जेवढे पैसे नि दिवस जातील, तेवढ्यांत नवें मशीन घरपोंच येईल.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. जवळपास असें काम करणारा कोणी उरला नव्हता. कोल्हापुरास एक वृद्ध मिस्त्री आहेत, एवढाच पत्ता एका शिंप्याकडून लागला.

तें बारा-तेरा किलोंचें बिडाचें धूड जुन्या लुगड्यांच्या गोधडींत गुंडाळून आम्ही मोटारींत घातलें, आणि साखरपा, आंबा, मलकापूर असे टप्पे घेत कोल्हापुरास पोंचलों. मिस्त्रींनीं प्रथम कांहींच विचारलें नाहीं. यंत्राच्या तोंडावरचें झांकण काढून त्यांनीं आंत बोट फिरविलें, तें नाकाशीं नेलें, आणि म्हणाले, “मोडलंय काय न्हाई ह्यात, साहेब. कुणीतरी मायेनं खोबरेल घातलंय.” तें खरें होतें. दर शनिवारीं मातोश्री देवाच्या समईनंतर यंत्रासहि तेल घालीत, आणि तें घरांतलेंच खोबरेल असे. हें तेल यंत्रांत हळूहळू चिकट होतें, आणि अखेर साकळून बसतें. यंत्रास खनिज तेल लागतें, पातळ व न साकळणारें. आम्ही थक्क झालों. जिनें यंत्राची सर्वांहून अधिक काळजी घेतली, तिच्याच काळजीनें त्याचे सांधे बांधले गेले होते.

मिस्त्रींनीं भोंकाभोंकांतून रॉकेल सोडून यंत्र रात्रभर तसेंच ठेवण्यास सांगितलें. टांकाहि सुटत होता असें आम्हीं सांगितलें, तेव्हां त्याचें कारण त्यांनीं दाखविलें. सुई खालच्या टोंकास जाऊन किंचित् वर उचलतांच धाग्याची लहानशी कडी पडते. नेमक्या त्याच क्षणीं शटलचें टोंक त्या कडींतून गेलें पाहिजे. केसभर चुकामूक झाली कीं टांका हुकतो. सुईची दांडी किंचित् खालीं-वर करून हा मेळ जमवावा लागतो. मिस्त्री तो डोळ्यांनीं कमी आणि बोटांनीं अधिक जमवीत होते. आठवड्यानें परत येण्यास सांगून त्यांनीं आम्हांस वाटेस लावलें.

यंत्रांविषयीं कठोर बोलणाऱ्या महात्मा गांधींनीं १९२४ सालीं एका संभाषणांत शिवणयंत्रास अपवाद केला होता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शिवतां शिवतां पत्नीस होणारे कष्ट पाहून सिंगरनें प्रेमापोटीं हें यंत्र निर्माण केलें, अशी त्यांची समजूत होती. इतिहास पाहूं जातां ही कथा टिकत नाहीं. इलायस हाव या अमेरिकन गृहस्थानें १८४६ सालींच आपल्या शिवणयंत्राचा पेटंट मिळविलेला होता. सिंगरनें १८५१ सालीं स्वतःच्या यंत्राचा पेटंट घेतला, आणि हावनें फिर्याद करून त्याजकडून मोबदला वसूल केला. सिंगरच्या पत्नीप्रेमाविषयीं म्हणावें, तर त्यानें न्यूयॉर्कांत एकाच काळीं एकाहून अधिक संसार थाटले होते. तथापि एवढ्यानें गांधीजींचा विचार फोल ठरतो असें आम्हांस वाटत नाहीं. यंत्राच्या जन्मांत प्रेम नसलें, तरी त्याच्या आयुष्यांत तें येऊं शकतें. व्यापारी लोभानें जन्मलेली वस्तु एका गृहिणीच्या हाताखालीं साठ वर्षें कुटुंबाचीं अंगें झांकते, तेव्हां तिच्याविषयीं कांहीं कर्तव्य उत्पन्न होतें. मात्र तें कर्तव्य निव्वळ मायेनें पार पडत नाहीं, त्यास ज्ञानाची जोड लागते, हें खोबरेलानें आम्हांस शिकविलें.

आतां आमच्या लाजेची गोष्ट. आठवड्यानें गेलों तेव्हां यंत्र इतकें हलकें फिरत होतें कीं करंगळीनें चाक ढकललें तरी टांके पडावे. शटल नवें होतें. या जातीच्या यंत्राची नक्कल जगभर झाल्यामुळें त्याचे सुटे भाग व सुया आजहि मिळतात. मिस्त्रींनीं सातशें रुपये मागितले. आम्हीं संवयीनें सहाशें देऊं केले. त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें व ते घेतले. परततांना मलकापुरास चहाला थांबलों असतां सहज हिशेब केला. दोन्ही हेलपाट्यांच्या पेट्रोलास दोन हजारांहून अधिक रुपये गेले होते, व तेथें आम्हीं एका पैशाचीहि घासाघीस केली नव्हती. ज्या मनुष्यासाठीं एवढा घाट दोनदां ओलांडला, त्याच्याच बोटांतील विद्येची किंमत तेवढी आम्हांस अधिक वाटली होती!

येथें आमच्या मूळ हिशेबांतील चूक आम्हांस दिसूं लागली. त्या हिशेबांत दुरुस्ती ही बाजारांतली एक वस्तु धरलेली आहे. हवी तेव्हां घ्यावी, नको तेव्हां सोडावी. परंतु ही विद्या कोठारांत भरून ठेवतां येत नाहीं. उपसा नसलेल्या विहिरीचें पाणी नासतें, हा आमच्याकडे सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. दुरुस्तीची विद्या तशीच आहे. लोक मोडलेलीं यंत्रें आणीत राहतात तोंवरच ती जिवंत असते. आजवर ज्या अनोळखी लोकांनीं आपलीं यंत्रें त्या दुकानांत नेलीं, त्यांनीं नकळत आमच्यासाठीं ती विहीर वाहती ठेवली होती. त्यांचें आमच्यावर ऋण आहे, आणि तें ज्यांचें त्यांस परत करतां येत नसल्यामुळें मागून येणाऱ्यांसच द्यावें लागतें.

याजवर कोणी म्हणेल कीं हा सुखवस्तु माणसाचा षोक आहे. ज्या शिंप्याचें पोट दिवसाच्या कपड्यांवर अवलंबून आहे, त्यास विजेचें नवें यंत्र घेऊं नको असें सांगण्याचा तुम्हांस काय अधिकार? हा आक्षेप आम्ही मान्य करतों. १८३१ सालीं पॅरिसमधील शिंप्यांनीं तिमोन्ये याच्या कारखान्यांत शिरून त्याचीं शिवणयंत्रें फोडलीं. तरी पुढें यंत्र यावयाचें तें आलेंच, आणि शिंप्यांच्याच घरचें झालें. नव्याशीं आमचें वैर नाहीं. याहून अवघड आक्षेप मिस्त्रींच्या घरांतच आहे. त्यांचा मुलगा हें काम शिकला नाहीं. तो एका कारखान्यांत नोकरी करतो, आणि तें सांगतांना मिस्त्रींच्या स्वरांत खंत नव्हती, समाधान होतें. आमच्या आईचें यंत्र चालावें म्हणून त्या मुलानें बापाच्या तुटपुंज्या मिळकतीवर दिवस काढावे, अशी अपेक्षा करणें उघड अन्यायाचें होईल. कोणतीहि विद्या दुसऱ्याच्या दारिद्र्यावर जगविण्याचा अधिकार कोणास नाहीं. आमच्यासारखे शंभर रुपये कापणारे लोकच, जुन्या विद्या लुप्त होत चालल्या म्हणून पुढें हळहळतात. त्या हळहळीची किंमत शंभर रुपयांहून अधिक नाहीं.

तेव्हां आमच्या मतें या ऋणाचे दोन भाग पडतात. पहिला, कारागिराचा मोबदला त्याच्या विद्येस शोभेल असा, मागितल्याबरोबर द्यावा. दुसरा, त्या विद्येचा जेवढा अंश आपल्या हातास पेलेल तेवढा आपण स्वतः शिकावा. म्हणजे ती एकाच वृद्धाच्या बोटांत अडकून राहणार नाहीं. योग्य तेल कोणतें, तें कोठें व किती थेंब घालावें, दात्यांखालीं साठलेला धाग्यांचा कीस केव्हां काढावा, सुई कशी बसवावी, एवढें तर कोणासहि शिकतां येतें. हें करूनहि कांहीं यंत्रें मरतीलच, आणि कांहीं विद्याहि जातील. त्यास उपाय नाहीं. पण जें आपल्या आळसानें व कंजूषपणानें गेलें, त्यास काळाचा महिमा म्हणूं नये.

गेल्या महिन्यांत आम्ही तिसऱ्यांदा कोल्हापुरास गेलों. या खेपेस बरोबर यंत्र नव्हतें. राहिलेले शंभर रुपये मिस्त्रींच्या पुढें ठेवून, सुईच्या दांडीचा मेळ कसा जमवावा हें दाखवाल काय, असें आम्हीं विचारलें. ते हंसले, आणि त्यांनीं बाजूचें स्टूल आमच्याकडे सरकविलें. सोबत आमचे बंधुहि होते. खर्चाचा हिशेब ते अजून सोडीत नाहींत, आणि आंकड्यांपुरता तो आजहि बरोबर आहे; परंतु त्या दुपारीं मिस्त्रींच्या बोटांकडे आमच्याहून अधिक लक्ष देऊन तेच पाहत होते.