अधिकार, हक्क आणि संस्कृत

संस्कृतच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न एका संस्कृत शब्दापाशीच अडतो : अधिकार. मीमांसेत हा शब्द पात्रता सांगतो. यज्ञ कोणी करावा, वेद कोणी शिकावा, हे ‘अधिकारी’ कोण यावर ठरे. शूद्रालाही यज्ञाचा अधिकार आहे, हे बादरीचे मत जैमिनीच्या सूत्रांत नोंदले गेले, पण खोडून काढण्यासाठी. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणावरील शांकरभाष्यानेही वेदाधिष्ठित ब्रह्मविद्येचे दार शूद्रांना बंद ठेवले. इतिहासपुराणांची वाट तेवढी मोकळी राहिली.

संविधानाच्या तिसऱ्या भागाला हिंदीत ‘मूल अधिकार’ म्हणतात, मराठीत ‘मूलभूत हक्क’. हक्क हा अरबी मुळाचा शब्द इथे अधिक नेमका बसतो, कारण तो आधी पात्रता विचारत नाही. हिंदीने मात्र जुनाच शब्द घेऊन त्याचा अर्थ उलटा केला. अशा संस्कृतनिष्ठ परिभाषेचा एक मोठा कारखाना नागपुरातच होता. १९४०च्या दशकात डॉ. रघुवीर इथे राहून धातू आणि उपसर्ग जोडून हजारो शब्द घडवत होते, आणि ते घटना समितीचे सदस्यही होते.

त्याच समितीत सप्टेंबर १९४९मध्ये संस्कृतला राजभाषा करण्याच्या सूचनेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली होती. हा पाठिंबा विसंगत वाटतो, पण तो तसा नाही. त्यांचे भांडण व्याकरणाशी नव्हते, दारावरच्या पहाऱ्याशी होते. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धर्म बदलला तो त्या पहाऱ्यामागची व्यवस्था नाकारून.

सूचना फेटाळली गेली. संस्कृत आठव्या अनुसूचीत आली, आणि अनुच्छेद ३५१ने हिंदीच्या शब्दसंपदेचा मुख्य आधार म्हणून तिचे नाव घेतले. हक्क मात्र भाषेला मिळाला नाही, माणसांना मिळाला. अनुच्छेद २९(१) आपली भाषा जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या गटाला देतो; २९(२) सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारू देत नाही. नागपूरजवळ रामटेकला १९९७मध्ये स्थापन झालेल्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे दार म्हणूनच कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्याला खुले आहे.

मातृभाषा संस्कृत सांगणारे २०११च्या जनगणनेत २४,८२१ होते. म्हणजे पुनरुज्जीवनाचा भार घरांपेक्षा शाळांवर, पर्यायाने सरकारी पैशावर पडतो. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत अनुच्छेद २८ धार्मिक शिक्षणाला मनाई करतो. पण भाषा शिकवणे म्हणजे धर्म शिकवणे नव्हे : केंद्रीय मंडळाच्या शाळांत संस्कृत ऐच्छिक विषय ठेवल्याने धर्मनिरपेक्षतेला बाध येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने संतोषकुमार खटल्यात १९९४मध्ये दिला. मेघदूत वर्गात वाचणे वेगळे, संध्येची दीक्षा देणे वेगळे.