नाम मोकळे, दार अडलेले

हिंदू घरात न जन्मलेला माणूस भक्तीकडे वळतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा मंत्राचा असतो. कोणता मंत्र घ्यावा, किती वेळा म्हणावा, उच्चार चुकला तर दोष लागतो का, गुरूवाचून चालते का. सिंदी मेघेत राहणाऱ्याला असे प्रश्न परके नाहीत. वर्धा शहराला चिकटलेल्या या वस्तीपासून गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार दोन्ही सायकलच्या टप्प्यात आहेत, आणि या दोन ठिकाणांच्या ओढीने गेली कित्येक दशके देशोदेशीची माणसे वर्ध्याच्या स्टेशनावर उतरत आली आहेत. त्यांना उत्तर देताना आपण गडबडतो. आपल्याला नाम कोणी शिकवलेले नसते. काकडआरतीच्या वेळी, हरिपाठाला, आजीच्या शेजारी बसून ते तोंडात आलेले असते. जे आपोआप आले ते दुसऱ्याला कसे द्यायचे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

पहिली गोष्ट अशी की मंत्र आणि नाम यांच्या वाटा आपल्याकडे फार पूर्वीच वेगळ्या झाल्या. वेदमंत्राला उदात्त, अनुदात्त, स्वरित यांची शिस्त आहे. ती गुरुमुखातून, वर्षानुवर्षे घोकूनच येते. गायत्री मुंजीत मिळते. बीजमंत्र दीक्षेवाचून घेऊ नये असे ते देणारेच सांगतात. या साऱ्याला अधिकार लागतो, आणि तो कोणाला द्यायचा नाही याची यादी मोठी होती. नामाचे तसे नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला आणि तुकोबांनी तो अभंगातून जगासमोर ठेवून दिला. कानात सांगायचा मंत्र चव्हाट्यावर आला, आणि आज आषाढीच्या वाटेवर लाखो लोक तो टाळाच्या ठेक्यावर म्हणतात. बहिणाबाई ब्राह्मणाच्या घरातली. तिने कुणबी तुकोबांना गुरू मानले. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला ज्या तेरा अक्षरांचा जप केला असे परंपरा सांगते, तीच तेरा अक्षरे गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) प्रपंचात बुडालेल्या माणसांना दिली. सोवळे, ओवळे, वेळ, अवेळ काही आड येऊ दिले नाही.

नवखा माणूस मात्र नेमका उलट्या टोकाने सुरुवात करतो. त्याच्या हाती आधी बीजमंत्र लागतात, ध्वनिमुद्रणे लागतात, कोणत्या मंत्राने काय साधते याची कोष्टके लागतात. त्याला मी एवढेच सांगेन की ती कोष्टके मिटून ठेवावीत आणि नामापासून सुरुवात करावी. राम, विठ्ठल, नारायण, जे जिभेला सोपे जाते ते घ्यावे. तुळशीची माळ घ्यावी. तिचे मणी एकशे आठ. मणी मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढतात, तर्जनी लावत नाहीत. मेरुमणी आला की तो ओलांडत नाहीत, माळ फिरवून उलटे निघतात. आधी मोठ्याने म्हणावे, ही वैखरी. मग ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असे, त्याला उपांशू म्हणतात. मनातल्या मनात जप हा शेवटचा टप्पा, आणि नवख्याने तिथून सुरुवात केली तर पाचव्या मण्याला मन बाजारात गेलेले असते. संख्येचा नेम करायला हरकत नाही. श्रील प्रभुपादांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इस्कॉन स्थापन केली आणि दीक्षा घेणाऱ्या अमेरिकन तरुणांना रोज सोळा माळा नेमून दिल्या. हिशेब केला तर दिवसाला १७२८ वेळा महामंत्र होतो. मोकाट गुराला खुंटी लागते तसा सुरुवातीला आकडा लागतो.

पण वर्ध्याच्या परिसरात राहून मला नवख्यासाठी संख्येपेक्षा महत्त्वाची वाटते ती संगत. एकट्याने, खोलीचे दार लावून, पुस्तकातून उचललेला मंत्र जपणारा माणूस काही महिन्यांत दमतो किंवा स्वतःविषयी भलत्या कल्पना करू लागतो. चार माणसांत बसून म्हणणाऱ्याचे तसे होत नाही. विदर्भाला हे तुकडोजी महाराजांनी शिकवले. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली सामुदायिक प्रार्थना गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत आजही होते. खंजिरी वाजते, सगळे एका सुरात म्हणतात, कोणाचा आवाज फुटतो तर कोणाचा ताल चुकतो, आणि समोर बसलेला कोणत्या जातीचा हे कोणी विचारत नाही. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून महाराज सेवाग्रामला महिनाभर राहिले होते. सामुदायिक प्रार्थनेची या दोघांची ओढ एकाच जातीची होती, असे मी मानतो.

सेवाग्रामच्या प्रार्थनेत एक गोष्ट आहे जी प्रत्येक पाहुण्याला सांगावी. जपानी बौद्ध भिक्षू फूजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या संघाचा एक भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहिला. आश्रमात त्याला केशव म्हणत. तो प्रार्थनेआधी डफासारखे हातवाद्य वाजवून आपला जपानी मंत्र म्हणत असे. १९४१ च्या डिसेंबरात जपान महायुद्धात उतरला आणि तो सरकारच्या लेखी शत्रूदेशाचा नागरिक ठरला. पोलीस त्याला घेऊन गेले. गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेतून गळू दिला नाही, उलट प्रार्थनेची सुरुवातच त्याने होऊ लागली. तो क्रम आजही आहे. ईशावास्यातला श्लोक, कुराणातली फातेहा, पारशी प्रार्थना, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे, मग भजन आणि रामधून.

बाहेरून आलेला माणूस काहीतरी घ्यायलाच आला आहे, असे आपण गृहीत धरतो. त्याच्या ओंजळीतही काही असते, हे आपल्या लक्षात येत नाही. केशवला कोणी हिंदू केले नाही, त्यानेही तसे मागितले नाही. तरी त्याचा जप आपल्या प्रार्थनेचा झाला. मॉरिस फ्रिडमन यांचेही तसेच. पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेले हे इंजिनिअर बंगळुरूला नोकरीसाठी आले, संन्यास घेऊन भारतानंद झाले, सेवाग्रामला गांधीजींसाठी त्यांनी धनुष तकली घडवली. उतारवयात ते मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांच्या माडीवर जाऊन बसू लागले. तिथे दिवसातून चार वेळा आरती-भजन होई आणि महाराज मराठीत बोलत. फ्रिडमन यांनी ती बोलणी इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक आले. कोकणातल्या कांदळगावच्या या माणसाचे मराठी बोलणे जगभर पोहोचले ते या नवागतामुळे. आपण स्वतः ते काम केले नव्हते.

मीराबेनची गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून ती नवख्याला अधिक उपयोगाची आहे. ब्रिटिश ॲडमिरलची ही मुलगी, मॅडेलिन स्लेड, रोमाँ रोलाँचे गांधीचरित्र वाचून पेटली. पण लगेच बोटीत बसली नाही. आधी वर्षभर तयारी केली. मांस-मद्य सोडले, जमिनीवर झोपायला शिकली, कातण्याचा आणि उर्दूचा अभ्यास केला, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीला पोहोचली. हे वर्ष फार मोलाचे आहे. आजच्या नवागताला भगवे उपरणे पहिल्या आठवड्यात हवे असते. गांधीजींनी तिला मीरा हे नाव दिले, मात्र धर्म बदल असे कधी सांगितले नाही; तिच्या ख्रिस्ती संस्कारातले खरे ते टिकावे हाच त्यांचा आग्रह होता. सेवाग्रामला आज जी बापू कुटी म्हणून दाखवतात ती मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधली. मातीच्या भिंतीवर तिने उठावात काढलेली ताडाची झाडे आणि ओंकार अजून दिसतात.

तरी मला वाटते, मीराबेनची भक्ती नामावर नव्हे, माणसावर टांगलेली होती. गांधीजींना ते दिसत होते. ते तिला पुन्हा पुन्हा दूर पाठवत, आणि ती दूर गेली की कोमेजे. १९४८ नंतर ती अकरा वर्षे भारतात राहिली, डोंगरात, गुरांमध्ये, पण आधार गेलेला होता. १९५९ मध्ये ती युरोपला परतली आणि तरुणपणीच्या बीथोव्हनकडे पुन्हा वळली. यात कमीपणा मुळीच नाही. कदाचित तिचे खरे नाम ते संगीतच असेल. मात्र गुरूच्या शोधात येणाऱ्याने तिचे आत्मचरित्र वाचावे. गुरू देहाने जातो. तुकोबांना मंत्र देणारा गुरू पुन्हा भेटलादेखील नाही, आणि तेवढे पुरले.

आता मन घट्ट करून सांगायचा भाग. नाम मोकळे आहे असे आपण अभिमानाने सांगतो, पण दार मोकळे नव्हते. पंढरपुरात नाम घेणाऱ्या चोखोबांची समाधी मंदिराबाहेर आहे, आणि त्यांच्यासारख्या दलितांना आत जाता यावे म्हणून १९४७ च्या मेमध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी उघडले, तेव्हा ते देशातले अगदी सुरुवातीचे उदाहरण ठरले. म्हणजे त्याआधी काय होते ते समजून घ्यावे. वर्ध्याहून नागपूर जवळ. तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह बुद्धाला शरण जाण्याची दीक्षा घेतली. आज आमच्या भोवतीच्या वस्त्यांत संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हटले जाते ते त्या दिवसापासून. सातासमुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या भक्ताच्या गळ्यात आपण हार घालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावातच राहून नाम घेणाऱ्याला पायरीवर उभे केले होते. परदेशी नवागताला स्वागताबरोबर हा इतिहासही सांगितला पाहिजे. हार मिळाला म्हणून त्याने आपल्याला उदार समजू नये.

विनोबांना हे अंगावर घेऊन कळले होते. १९५३ मध्ये वैद्यनाथधामला दलितांबरोबर दर्शनाला गेले तेव्हा त्यांना मारहाण झाली. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच स्त्री होती. तिला प्रवेश नाही म्हटल्यावर विनोबाही दारातून परत फिरले. पुढे केरळात गुरुवायूरला ख्रिस्ती सहकाऱ्यांसह आत जाऊ देईनात, तेव्हाही ते गेले नाहीत. मग १९५८ मध्ये पंढरपूरला सर्वोदय संमेलन भरले. या वेळी मंदिराने निमंत्रण दिले आणि विनोबा मुसलमान आणि ख्रिस्ती सोबत्यांना घेऊन विठ्ठलासमोर उभे राहिले. ज्याने गीताईतून मराठी बायाबापड्यांना गीता दिली, त्याला विठ्ठल तोवर पाहायचा नव्हता असे नाही. एकट्याने पाहायचा नव्हता. नवागताला दार उघडून देण्याचा याहून स्पष्ट मार्ग मला माहीत नाही. जो आधीच आत आहे त्याने बाहेर राहण्याची तयारी ठेवायची.

तेव्हा आमच्याकडे येणाऱ्याला मी हे सांगेन. नाव बदलू नका, निदान घाईने नको. आईवडिलांचा धर्म टाकल्याशिवाय राम म्हणता येत नाही असे कोणी सांगितले तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. उच्चाराची भीती बाळगू नका. ळ जमायला वेळ लागतो, विठ्ठल तेवढा थांबतो. कोणी पैसे घेऊन मंत्र देत असेल तर तिथून उठा. रोज एकाच वेळी, शक्य तर कोणाबरोबर तरी बसा. आणि हाताला काम ठेवा. सेवाग्रामला ते सूत कातण्याचे होते, पवनारला शेतीचे आणि छापखान्याचे.

पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात, रोज सकाळच्या कामातून उठून बहिणी विष्णुसहस्रनाम म्हणतात. पाहुण्याने बाजूला बसावे. पहिल्या दिवशी काही कळत नाही, आठवड्याने एखादे नाव ओळखीचे वाटते, अडखळत का होईना आपणही म्हणू लागतो. दीक्षा घ्यायची की नाही, कोणाकडून घ्यायची, हा विचार त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी करावा. तोवर ही हजार नावे पुरतात.