‘विकास’ : एका षष्ठीचा प्रश्न

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा उल्लेख बारामतीत सहसा ‘एमआयडीसी’ असाच होतो. या आद्याक्षरांत ‘विकास’ हा शब्द दिसेनासा होतो. उरतात ते भूखंड, रस्ते आणि कारखाने. ही केवळ उच्चाराची सोय नव्हे. त्या शब्दाच्या अर्थांतराची ती खूण आहे.

‘वि’ या उपसर्गासह ‘कस्’ या धातूचा अर्थ उमलणे, उघडणे असा होतो. काव्यशास्त्राने तो चित्ताला लावला. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त आस्वादकाळच्या चार चित्तावस्था सांगितल्या आहेत. त्यांत ‘विकास’ शृंगाराशी आणि ‘विस्तर’ वीराशी निगडित आहे. पसरणे आणि उमलणे यांतील हा भेद आजच्या प्रशासकीय मराठीत पुसट झाला आहे. तेथे विस्तारालाच विकास म्हटले जाते.

व्याकरणातही पालट झाला आहे. ‘विकसणे’ हे अकर्मक क्रियापद. फूल विकसते, त्याला कोणी विकसवीत नाही. ‘विकास करणे’ या प्रयोगात मात्र उमलणाऱ्याहून वेगळा कर्ता अवतरतो. येथे नैतिक प्रश्न उपस्थित होतो : दुसऱ्याचा विकास करता येतो काय?

यावर एक सबळ आक्षेप आहे. बारामती-इंदापूरच्या जिरायत टापूत अवर्षण सोसणाऱ्याला केवळ आंतरिक उन्नतीचा उपदेश करणे ही निर्दयताच ठरेल. १८८० च्या दशकात झालेल्या नीरा डाव्या कालव्याने जेथे पाणी पोहोचले तेथील शेती पालटली, हे नाकारता येत नाही. परंतु हाच दाखला मर्यादाही दाखवितो. कालवा पाणी बांधापर्यंत आणतो. रुजणे बियाण्याकडेच राहते. ‘करणे’ या क्रियेचा न्याय्य प्रांत परिस्थितीचा आहे, व्यक्तीचा नव्हे.

‘शेतकऱ्याचा विकास’ या प्रयोगातील षष्ठी म्हणूनच तपासून पाहिली पाहिजे. ती कर्त्याची असेल, तर शेतकरी स्वतः विकसतो. कर्माची असेल, तर त्याच्यावर विकास घडविला जातो. दोन्ही अर्थांना रूप एकच असल्याने दुसरा अर्थ पहिल्याच्या प्रतिष्ठेवर वावरतो. विकासासाठी ज्याची जमीन संपादित होते, त्याला वाक्यात कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. भाषेचा विचार करणाऱ्यांनाही तो टाळता येणार नाही.